पंचनाम्यात न बसणारी इंग्रजी

अतिवृष्टी झाली की तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येतात आणि पंचनामा करतात. गट क्रमांक, पीक, क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असलं तर मदतीचा विचार, नाही तर नाही. या कागदावर शेतकऱ्याचं बोलणं जसंच्या तसं कधी उतरत नाही. हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरचा शेतकरी म्हणतो, "सोयाबीन पार झोपलं, तुरीनं मान टाकली, पऱ्हाटी रडून रायली." कागदावर फक्त आकडे येतात. सोयाबीनला झोप नसते, तुरीला मान नसते, पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, डोळे नसतात. पंचनाम्याच्या हिशेबाने तिन्ही वाक्यं खोटी. तरीही बांधावर उभ्या असलेल्या एकालाही त्यांचा अर्थ विचारावा लागत नाही.

इंग्रजीच्या पेपरात कवितेची ओळ देऊन 'फिगर ऑफ स्पीच' ओळखा आणि स्पष्ट करा असं म्हटलं की हीच समज असलेली मुलं अडखळतात. दहावी-बारावीत नाव, व्याख्या आणि एक ठरलेलं उदाहरण अशी यादी पाठ केली जाते. परीक्षेत ते उदाहरण येत नाही. वेगळीच ओळ येते आणि यादी मुकी होते. म्हणून यादीआधी पद्धत हातात हवी. या लेखात ती पद्धत आहे. ती विद्यार्थ्यांसाठी आहे, घरी अभ्यास घेणाऱ्या आई-वडिलांसाठी आहे, आणि तलाठी भरतीच्या किंवा एमपीएससीच्या तयारीत इंग्रजी वाक्प्रचारांशी झुंजणाऱ्या तरुणांसाठीही आहे.

पद्धत मराठीतूनच सुरू करायची. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. शिक्षणाचं माध्यम मातृभाषा असावं, असा तिचा एक ठराव होता, आणि नई तालीम ही शिक्षणयोजना त्याच परिषदेतून पुढे आली. इंग्रजी अलंकार शिकताना हा ठराव अगदी व्यवहारी सल्ल्यासारखा कामी येतो. अलंकार समजण्याची शक्ती मुलाकडे मराठीतून आलेलीच असते. इंग्रजीत शिकायची असतात ती नावं आणि काही फरक.

तीन प्रश्न

अकराव्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात, सरळ अर्थाऐवजी दुसरा अर्थ देणाऱ्या लक्षणा या शब्दशक्तीच्या तीन अटी सांगितल्या. पहिली, शब्दाचा सरळ अर्थ अडला पाहिजे. याला मुख्यार्थबाध म्हणतात. दुसरी, सरळ अर्थाचं आणि अभिप्रेत अर्थाचं काही नातं पाहिजे. तिसरी, असं बोलण्यामागे रूढी किंवा काही हेतू पाहिजे. हिंगणघाट वणा नदीवर वसलं आहे, असं आपण सहज म्हणतो. पाण्यावर कोणी घर बांधत नाही, म्हणजे सरळ अर्थ अडला. पाणी आणि काठ शेजारी आहेत, हे नातं. आणि तसं म्हणायची रीत आहे, ही रूढी. संस्कृत ग्रंथांत याच जातीचं गंगेवरच्या गवळीवस्तीचं उदाहरण पुन्हा पुन्हा येतं.

या तीन अटींचे तीन प्रश्न करा आणि कुठल्याही इंग्रजी ओळीला विचारा:

१. ही ओळ पंचनाम्यात लिहिता येईल का? म्हणजे शब्दशः घेतली तर ती खरी राहते का?
२. खरी राहत नसेल, तर जे लिहिलंय आणि जे म्हणायचंय त्यांचं नातं कोणतं? सारखेपणाचं, शेजाराचं, कमी-जास्तीचं की विरोधाचं?
३. सरळ न सांगता असं सांगून काय साधलं?

पहिल्या प्रश्नाने अलंकार आहे की नाही ते कळतं, दुसऱ्याने त्याचं नाव मिळतं आणि तिसऱ्याने स्पष्टीकरण लिहिता येतं. ओळ शब्दशः खरी असूनही कानाला किंवा डोळ्याला वेगळी वाटली, तर अलंकार आवाजात किंवा शब्दांच्या मांडणीत असतो. तो भाग पुढे येईल.

सारखेपणाचं नातं

'सिमिली' म्हणजे आपली उपमा. उच्चार 'सिमाइल' नाही, 'सिमिली'. ओळखीचे शब्द 'लाइक', 'ॲज… ॲज' आणि 'ॲज इफ'. कापूस वेचणाऱ्या बाईबद्दल 'हर पाम्स आर ॲज रफ ॲज बार्क' असं वाक्य आलं तर मराठी व्याकरणातले चारही घटक त्यात सापडतात. तळवे उपमेय, झाडाची साल उपमान, खरखरीतपणा साधारण धर्म आणि 'ॲज' हा साम्यवाचक शब्द. स्पष्टीकरणात जीव येतो तो साधारण धर्मामुळे. तळव्यांची तुलना सालीशी केली आहे, एवढंच लिहून थांबलात तर अर्धंच काम झालं. कोणत्या गुणामुळे केली, ते लिहायलाच हवं.

इथे तीन खड्डे आहेत. पहिला: 'लाइक' दिसलं की सिमिली, असं नसतं. 'आय लाइक टी' मध्ये चहाची आवड आहे, तुलना नाही. दुसरा: एकाच जातीच्या दोन गोष्टींची तुलना सिमिली होत नाही. 'ही लुक्स लाइक हिज फादर' ही साधी माहिती आहे, कारण बाप आणि लेक दोघंही माणसंच. तळवा आणि साल या वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, म्हणून तिथे अलंकार झाला. तिसरा खड्डा आपल्या चांगल्या अभ्यासाचा आहे. मराठीत आपण उपमा आणि उत्प्रेक्षा वेगळ्या ओळखतो. 'सारखा' आला की उपमा, 'जणू' आला की उत्प्रेक्षा. इंग्रजीत दोन्हींना एकच नाव, सिमिली. 'ॲज इफ' दिसलं म्हणून वेगळं नाव शोधत बसू नका.

'मेटॅफर' म्हणजे रूपक. 'सारखा' गळतो आणि दोन गोष्टी एकच होतात. 'कॉटन इज व्हाइट गोल्ड' हे आपलं पांढरं सोनं. पंचनाम्यात कापसाला सोनं लिहिता येत नाही, नातं मोलाच्या सारखेपणाचं आहे. अवघड असतं ते क्रियापदात लपलेलं रूपक. 'कॉटन प्राइसेस क्रॉल्ड टिल दिवाळी अँड देन लेप्ट'. यात 'इज' नाही, 'लाइक' नाही, म्हणून मुलं ओळ सोडून देतात. पण भाव रांगत नाहीत आणि उड्याही मारत नाहीत. भावांना कुठल्या तरी प्राण्याची चाल दिली आहे, म्हणून हे रूपकच. बाजार समितीत आपण 'भाव चढला', 'भाव कोसळला' म्हणतो तेही असंच रूपक. इतकं वापरून गुळगुळीत झालंय की आता ते दिसत नाही. इंग्रजी कविता वाचताना क्रियापदाखाली रेघ मारायची सवय लावा. निम्मी रूपकं तिथेच सापडतील.

'पर्सॉनिफिकेशन' म्हणजे चेतनगुणोक्ती, पण तंतोतंत नाही. चेतनगुणोक्तीत निर्जीवाला सजीव केलं की पुरतं. पर्सॉनिफिकेशनमध्ये माणसाचा गुण हवा. 'द ड्राय वेल वेटेड फॉर जून', कोरडी विहीर जूनची वाट पाहत होती. वाट पाहणं माणसाचं, म्हणून पर्सॉनिफिकेशन. वारा वाघासारखा गुरगुरला असेल तर तिथे माणूस नाही. तिथे सिमिली किंवा मेटॅफर जास्त नेमकं.

याच घरातलं आणखी एक नाव 'अपॉस्ट्रफी'. अक्षरांवर वरच्या बाजूला येणाऱ्या चिन्हाचंही नाव तेच आहे, म्हणून गोंधळ होतो. अलंकार म्हणून अपॉस्ट्रफी म्हणजे समोर नसलेल्या माणसाला, निर्जीव वस्तूला किंवा मृत्यू, आशा यांसारख्या कल्पनेला थेट हाक मारणं. पुरात यशोदा नदीला उद्देशून कोणी 'यशोदा, व्हाय आर यू सो अँग्री टुडे?' असं लिहिलं, तर हाक मारली म्हणून अपॉस्ट्रफी आणि नदीला राग दिला म्हणून पर्सॉनिफिकेशन. दोन्ही उत्तरं बरोबर. जे स्पष्ट करता येईल ते लिहा.

शेजाराचं नातं

या गटात मुलं सर्वांत जास्त चुकतात, आणि आपल्या तालुक्याकडे याचं उत्तम उदाहरण आहे. १९व्या शतकात मध्य भारतातल्या कापसाची एक नावाजलेली जात व्यापारात 'हिंगणघाट' याच नावाने ओळखली जाई. गावाचं नाव घेतलं की कापूस समजायचा. गाव आणि कापूस यांत सारखेपणा काहीच नाही. संबंध आहे तो उगमाचा. असा संबंध धरून एका गोष्टीच्या जागी दुसरीचं नाव आलं की 'मेटॉनिमी' होते. 'सेवाग्रामने काय ठरवलं?' असं गांधीजी तिथे राहत असताना कोणी विचारलं असेल तर प्रश्न गावाचा नव्हता, गांधीजींचा होता. 'दिल्ली हॅज डिसायडेड' मध्ये दिल्ली म्हणजे केंद्र सरकार. 'ही लव्हज द चेअर' मध्ये खुर्ची म्हणजे सत्ता.

मेटॅफर आणि मेटॉनिमी यांतला फरक एका प्रश्नात मिटतो: मध्ये 'सारखा' घालता येतो का? कापूस सोन्यासारखा, हे जमतं, म्हणून मेटॅफर. सरकार दिल्लीसारखं, हे जमत नाही, म्हणून मेटॉनिमी. आपल्या काव्यशास्त्रानेही लक्षणेचे असेच दोन भाग केले आहेत. सारखेपणावर उभी ती गौणी, बाकीच्या नात्यांवर उभी ती शुद्धा.

'सिनेकडकी' हा शब्द बघून घाबरायला होतं, पण गोष्ट साधी आहे. भागावरून पूर्ण वस्तू किंवा पूर्णावरून भाग. 'सेव्हन माउथ्स टू फीड' म्हणजे घरात खाणारी सात तोंडं. तोंड हा माणसाचा भाग आणि इथे तेच महत्त्वाचं, कारण प्रश्न खाण्याचा आहे.

'ट्रान्सफर्ड एपिथेट' मध्ये विशेषण आपल्या मालकाला सोडून शेजारच्या शब्दाला जाऊन बसतं. 'अ स्लीपलेस नाइट'. रात्र कशी झोपेल? झोप लागली नाही ती माणसाला. 'उपाशी दिवस काढले' असं आपण म्हणतो तेव्हा उपाशी माणूस असतो, दिवस नाही. उत्तरात विशेषण खरं कोणाचं आणि लावलंय कोणाला, या दोन गोष्टी लिहिल्या की काम झालं.

कमी-जास्तीचं नातं

'हायपर्बली' म्हणजे अतिशयोक्ती. याचाही उच्चार बघून घ्या, शेवट 'बोल' असा नाही. एसटीच्या थांब्यावर 'आय हॅव वेटेड अ हंड्रेड इयर्स फॉर दिस बस' म्हणणाऱ्याला कोणी जन्मतारीख विचारत नाही. ओळखायला सोपा, स्पष्टीकरणात मात्र घसरणारा. फक्त 'एक्झॅजरेशन आहे' लिहू नका. कशाची अतिशयोक्ती आणि कोणती भावना दाखवायला, ते लिहा. इथे वाट पाहण्याच्या वेळेची, कंटाळा दाखवायला.

उलट बाजूचा 'लायटोटीज'. होकार नकाराच्या मार्गाने द्यायचा. 'नॉट बॅड' म्हणजे चांगलं आहे. पीक कसं आहे विचारल्यावर 'वाईट नाही' म्हणणारा शेतकरी हेच करतो. दृष्ट लागू नये म्हणून असेल, पण करतो.

'युफेमिझम' मध्ये बोचणारी गोष्ट मऊ शब्दांत सांगतात. 'ही पास्ट अवे'. मराठी या बाबतीत फार श्रीमंत आहे. माणूस देवाघरी जातो. दुकान बंद होत नाही, वाढवलं जातं. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. घरी आजी असेल तर तिच्याकडून अशी वाक्यं गोळा करा, युफेमिझमची व्याख्या पुन्हा वाचावी लागणार नाही.

'आयरनी' मात्र फसवी आहे. 'व्हॉट अ स्मूथ रोड!' हे वाक्य कागदावर पूर्ण बरोबर दिसतं. खड्ड्यांतून गाडी उसळत असताना म्हटलं तरच त्याचा उलट अर्थ निघतो. म्हणून आयरनी एकट्या ओळीत शोधू नका, आधीच्या-नंतरच्या ओळी वाचा. मराठीतली व्याजस्तुती तिची नातलग आहे, पण व्याजस्तुतीत स्तुतीच्या आडून निंदा किंवा निंदेच्या आडून स्तुती एवढंच येतं. आयरनीत परिस्थितीचा उलटेपणाही येतो.

विरोधाचं नातं

इथे तीन नावांची सरमिसळ होते. दोन विरोधी शब्द शेजारी चिकटले तर 'ऑक्सिमोरॉन'. 'ओपन सीक्रेट', म्हणजे उघड गुपित. पूर्ण विधानच आधी अशक्य वाटलं आणि विचार केल्यावर खरं निघालं तर 'पॅराडॉक्स'. 'द बेटर द हार्वेस्ट, द पूअरर द फार्मर', पीक जितकं चांगलं तितका शेतकरी गरीब. शहरातल्या मुलाला हे कोडं वाटेल. बाजार समितीत आवक वाढली की भाव पडतात हे पाहिलेल्या अल्लीपूरच्या मुलाला यातलं सत्य लगेच दिसेल. पॅराडॉक्सच्या उत्तरात ते सत्य उलगडून सांगणं हाच गाभा.

तिसरा 'अँटिथिसिस'. विरोधी कल्पना समोरासमोर, पण कोडं नाही. 'प्राइसेस फेल, डेट्स रोज', भाव उतरले, कर्ज चढलं. दोन्ही अर्धी आपापल्या जागी सरळ खरी आहेत आणि जोडीने उभी केल्यामुळे ओळीला धार आली. मराठीत विरोधाभास या एका नावाखाली ऑक्सिमोरॉन आणि पॅराडॉक्स दोन्ही बसतात, इंग्रजीत वेगळे करावे लागतात.

कानाचे आणि मांडणीचे अलंकार

इथे पहिला प्रश्न उपयोगी पडत नाही, कारण ओळ शब्दशः खरी असू शकते. ती मोठ्याने वाचा.

'ॲलिटरेशन' आणि अनुप्रास सख्खे वाटतात, पण अनुप्रासात अक्षर शब्दात कुठेही आलं तरी चालतं. ॲलिटरेशनमध्ये जवळजवळच्या शब्दांच्या सुरुवातीचा ध्वनी सारखा हवा. आणि ध्वनी हवा, अक्षर नको. 'सिटी' आणि 'कॅट' रोमन लिपीत एकाच अक्षराने सुरू होतात, पण ॲलिटरेशन होत नाही. 'फोन' आणि 'फार्म' यांचं पहिलं अक्षर वेगळं, पण ध्वनी एक, म्हणून होतं. 'नाइफ' मधलं पहिलं अक्षर तर मुकंच आहे. यावर आपल्याकडे सोपा उपाय आहे: शंका आली की शब्द देवनागरीत लिहून पाहा. देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, त्यामुळे फसवं स्पेलिंग बाजूला पडतं.

'पन' म्हणजे श्लेष. देवनागरी इथेही मदत करते. 'वीक' हा उच्चार आठवड्यासाठीही आहे आणि अशक्त माणसासाठीही, रोमन लिपीत स्पेलिंग वेगळं. इंग्रजीतले खूपसे विनोद अशा जोड्यांवर चालतात.

'ऑनोमॅटोपीया' नावाने मोठा, कामाने लहान. आवाजाची नक्कल करणारा शब्द. 'बझ', 'हिस', 'क्लँग'. मराठीत असे शब्द ढिगाने आहेत: खळखळ, सळसळ, रिमझिम, कडकडाट. आवाज कोणाचा, तेवढं लिहा.

मांडणीत दोन नावं नेहमी येतात. 'रिपिटिशन' म्हणजे भर देण्यासाठी शब्दाची पुनरावृत्ती. 'इन्व्हर्जन' म्हणजे शब्दांचा नेहमीचा क्रम उलटणं. मराठी मुलांना इन्व्हर्जन दिसत नाही, कारण मराठीत क्रम फिरवला तरी वाक्य चालतं. इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम घट्ट असतो. 'डाउन केम द रेन' वाचताना साधा क्रम लावून पाहा: 'द रेन केम डाउन'. क्रम बदलावा लागला म्हणजे इन्व्हर्जन. उत्तरात साधा क्रम लिहून दाखवा आणि लय किंवा जोर साधण्यासाठी बदल केला, असं सांगा.

वाक्प्रचार: इथे पद्धत थकते

आतापर्यंतचे अलंकार विचार करून सुटतात. वाक्प्रचार, म्हणजे 'इडियम', बहुतेक वेळा पूर्ण पाठच करावे लागतात. 'हातावर तुरी देणे' याचा अर्थ तूर पिकवणाऱ्यालाही शब्दांवरून काढता येणार नाही. फसवून निसटणे हा अर्थ ऐकूनच कळतो. इंग्रजीत तोच अर्थ 'टू गिव्ह समवन द स्लिप'. तलाठी भरतीच्या २०२३ च्या परीक्षेत १०० प्रश्नांपैकी २५ इंग्रजीचे होते. अशा परीक्षांत वाक्प्रचार विचारले जातात, म्हणून त्यांची वेगळी वही ठेवा. पण एका विषयाचे वाक्प्रचार एका जागी लिहा, सुटे लिहू नका.

आपल्या भागासाठी सुरुवातीचा विषय सुताचा. 'टू स्पिन अ यार्न' म्हणजे रंगवून लांबलचक गोष्ट सांगणे. 'टू हँग बाय अ थ्रेड' म्हणजे कधीही तुटेल अशा नाजूक अवस्थेत असणे. 'टू लूज द थ्रेड' म्हणजे बोलण्याचा धागा सुटणे. 'क्लोज-निट फॅमिली' म्हणजे एकमेकांना धरून असलेलं कुटुंब. 'टू कॉटन ऑन' म्हणजे उमगणे. आता मराठी आठवा: दोघांचं सूत जुळतं, सुतावरून स्वर्ग गाठतात, पोलिसांना धागेदोरे मिळतात, प्रकरणाचा गुंता होतो. अशी जोडवही केली की पाठ करायचा भार निम्म्याने उतरतो.

मात्र हवामान आणि प्राणी आले की सावध. इंग्रजी थंड देशात वाढली, म्हणून तिथे ऊब चांगली आणि गारठा वाईट. 'अ वॉर्म वेलकम' म्हणजे प्रेमाचं स्वागत, 'द कोल्ड शोल्डर' म्हणजे तुसडेपणा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. आपल्याला जीव थंड झाला की बरं वाटतं आणि डोळ्यांना गारवा हवा असतो. शेक्सपिअरचं अठरावं सुनीत १६०९ साली छापलं गेलं. त्यात प्रिय व्यक्तीची तुलना उन्हाळ्याच्या दिवसाशी करावी का, असा विचार येतो. ते वाचताना वर्ध्याचं वैशाख-ऊन डोळ्यांसमोर आणलं तर कौतुकाची शिवी होईल. इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे कोवळं ऊन आणि हिरवळ. तसंच घुबड. मराठीत ते अशुभ आणि बावळट, इंग्रजीत 'ॲज वाइज ॲज ॲन आउल'. आणि मराठी काव्यात हत्तीची डौलदार चाल स्त्रीचं कौतुक असते. इंग्रजीत त्याच शब्दांत सांगितलं तर ती रागावेल. स्पष्टीकरण लिहिण्याआधी विचारा: ही गोष्ट त्या भाषेत चांगली की वाईट?

उत्तर कसं लिहायचं

दोन वाक्यं पुरतात. पहिल्यात नाव. दुसऱ्यात त्या ओळीतल्याच शब्दांना धरून कारण. नमुना ओळ घेऊ: 'ॲट पिकिंग टाइम द फील्ड इज अ व्हाइट सी'. उत्तर असं:

'द फिगर ऑफ स्पीच इज मेटॅफर. द कॉटन फील्ड इज डायरेक्टली कॉल्ड अ व्हाइट सी बिकॉज इट इज व्हाइट अँड स्ट्रेचेस ॲज फार ॲज द आय कॅन सी.'

दुसऱ्या वाक्यात तीन गोष्टी आल्या: कशाला म्हटलं, काय म्हटलं, कोणत्या गुणामुळे. व्याख्या लिहिली नाही. नुसती व्याख्या कोणत्याही ओळीला लागू पडते, म्हणून तिने तुमची ओळ स्पष्ट होत नाही. आधी उत्तर मराठीत मनात तयार करा, मग सोप्या इंग्रजीत उतरवा. एका ओळीत दोन अलंकार दिसले आणि प्रश्नात एकच मागितला असेल, तर ज्याचं कारण तुम्हाला पक्कं सांगता येतं तो निवडा.

सरावाला एक कविता

बारावीच्या 'युवकभारती' पुस्तकात सरोजिनी नायडू यांची 'इंडियन वीव्हर्स' ही कविता आहे. ती १९०५ च्या 'द गोल्डन थ्रेशोल्ड' या संग्रहातली. कापसाच्या मुलखात शिकणाऱ्यांनी सराव तिच्यापासून सुरू करावा. विणकरांना तीन वेळा प्रश्न विचारला जातो आणि तिन्ही वेळी ते वेगळं वस्त्र विणत असतात: पहाटे बाळाचं, रात्र पडताना राणीच्या लग्नाचं, आणि चांदण्यातल्या गारठ्यात मृताचं.

पहिल्या वाचनात फक्त सिमिली शोधा. प्रत्येक वस्त्राचा रंग पक्ष्याच्या पंखाशी, पिसाऱ्याशी, पिसाशी किंवा ढगाशी जोडला आहे. चारही घटक वहीत मांडा. दुसऱ्या वाचनात एकेक कडवं सुटं घ्या. पहाटे बाळाचं कापड विणलं जातंय, यात काहीच खोटं नाही. पंचनाम्यातसुद्धा बसेल. पण तिन्ही कडवी जोडली की पहाट जन्माची, रात्र भरल्या संसाराची आणि चांदण्याचा गारठा मरणाचा होतो, आणि विणणं म्हणजे आयुष्य. प्रत्यक्षात असलेली गोष्ट तशीच राहून शिवाय दुसरा मोठा अर्थ देते, तेव्हा ते 'सिम्बॉल', प्रतीक. रूपकातला पांढरा समुद्र शेतात नसतोच, प्रतीकातलं कापड मागावर खरोखर असतं. एवढा फरक लक्षात ठेवला की दोघांची गल्लत होत नाही. तिसऱ्या वाचनात मोठ्याने म्हणा आणि कानाचे अलंकार टिपा.

रोज एक कडवं घेतलं आणि तीन प्रश्न विचारले तर हळूहळू पुस्तकातल्या सगळ्या कविता होतील. परीक्षेत एखाद्या अलंकाराचं नाव ऐनवेळी आठवलं नाही तर जागा कोरी सोडू नका. ओळीत सरळ अर्थ कुठे अडला आणि कोणत्या नात्याने खरा अर्थ लागला, ते आधी लिहायला घ्या. लिहिता लिहिता पुष्कळदा नावही आठवतं.